डेडस्टॉकमधली सज्जता

ऑगस्ट २०२२. पालघर जिल्ह्यात, मोखाडा तालुक्यातल्या बोटोशीच्या मर्कटवाडीत एका बाईची अवेळी प्रसूती झाली. जुळी मुले होती, दोन्ही गेली. तिचा रक्तस्राव थांबेना, तेव्हा घरच्यांनी चादर, दोर आणि लाकूड घेऊन डोली बांधली आणि पावसाने निसरड्या झालेल्या उतारावरून सुमारे तीन किलोमीटर चालत तिला रस्त्यापर्यंत नेले. पाड्याला रस्ता नाही, ही बातमी झाली आणि ती खरीच होती.

त्या बातमीत मला आणखी एक गोष्ट खुपत राहिली आहे. त्या दिवशी जे एकमेव साधन वेळेवर हाताशी आले ती डोली होती. तिचा प्रस्ताव कुणी पाठवला नव्हता, तिला प्रशासकीय मान्यता नव्हती. चादर रात्री अंगावर घ्यायची, दोर मोळी बांधायचा, लाकूड घरातले. तिन्ही वस्तू रोजच्या वापरातल्या, म्हणून कुठे आहेत आणि धड आहेत का, हे घरातल्या पोरालाही ठाऊक. डोलीचे कौतुक करायची ही जागा नव्हे; एकविसाव्या शतकात बाळंतिणीला झोळीतून न्यावे लागते याची लाज वाटायला हवी. पण सरकारने गेल्या काही वर्षांत ‘आपत्कालीन सज्जता’ या नावाखाली जी साधने घेतली त्यांच्याबद्दल एक प्रश्न या डोलीमुळे सुचतो. ती साधने कुठे आहेत आणि आज, आत्ता, चालतील का?

पैशाची वाट आधी पाहू. पंधराव्या वित्त आयोगाने २०२१ ते २०२६ या पाच वर्षांसाठी राज्यांच्या आपत्ती जोखीम व्यवस्थापन निधीची एकूण रक्कम १,६०,१५३ कोटी रुपये ठरवली. महाराष्ट्रासारख्या राज्यात तिच्यातले ७५ टक्के केंद्राने आणि २५ टक्के राज्याने घालायचे. निधीची फोड अशी: ४० टक्के तातडीची मदत, ३० टक्के पुनर्बांधणी, २० टक्के सौम्यीकरण आणि १० टक्के सज्जता व क्षमतावृद्धी. म्हणजे देशभरात पाच वर्षांत सोळा हजार कोटींच्या घरातली रक्कम एकट्या सज्जतेसाठी. त्याआधीच्या, २०१५-२० च्या निकषांत शोध, बचाव आणि संपर्काच्या साधनांवर वार्षिक वाटपाच्या १० टक्क्यांपर्यंत खर्चाची मुभा होती. तिथे शब्द होता ‘खरेदी’.

हा शब्द साधा दिसतो, पण सगळे पाणी तिथेच मुरते. २००५ च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्याची दोन कलमे शेजारी शेजारी आहेत. कलम ४९ सांगते की प्रत्येक खात्याने आपल्या आपत्ती आराखड्यातल्या कामांसाठी वार्षिक अर्थसंकल्पातच तरतूद करावी. कलम ५० सांगते की आपत्ती आली किंवा येऊ घातली, तर तातडीच्या खरेदीसाठी निविदेची रीतसर पद्धत माफ आहे असे समजावे. पहिले कलम वर्षाकाठी थोडे थोडे बाजूला टाकायला लावते, दुसरे संकटात एकदम खर्च करायची मोकळीक देते. वीस वर्षांत कोणत्या कलमाचा हात जास्त चालला हे सांगायला तज्ज्ञ लागत नाही. खरेदीचा वेग वाढवणारी तरतूद कायद्यात बसली. घेतलेल्या वस्तूचा पट्टा बदलायला दोन हजार रुपये कुणी कुठून काढायचे, याला तेवढी सोपी वाट नाही. वस्तू सांभाळणारा माणूस कार्यालयीन खर्चात हात घालतो, तिथे खडखडाट असतो, मग नस्ती वर जाते आणि वस्तू कोपऱ्यात.

कोविडच्या काळात तर सज्जता हा शब्द योजनेच्या नावातच होता. आपत्कालीन प्रतिसाद आणि आरोग्य व्यवस्था सज्जता पॅकेज: एप्रिल २०२० मध्ये १५,००० कोटी, मग जुलै २०२१ मध्ये दुसरा टप्पा २३,१२३ कोटींचा. दुसरा टप्पा राबवायची मुदत १ जुलै २०२१ ते ३१ मार्च २०२२. नऊ महिने. त्या वेळी घाई योग्यच होती. डेल्टा लाट नुकतीच ओसरली होती, तिसरी येणार म्हणून लहान मुलांचे अतिदक्षता कक्ष उभारायचे होते. ती घाई करू नये असे मी त्या जुलैत म्हटले नसते आणि आजही म्हणणार नाही. पण नऊ महिन्यांत जे घेता येते ते यंत्र. यंत्र चालवणारा माणूस नऊ महिन्यांत नेमला, शिकवला आणि टिकवला जात नाही. यंत्राचे चौथे वर्ष तर नऊ महिन्यांच्या हिशेबात कधी येतच नाही. आणि वॉरंटी बहुतेकदा संपते ती त्याच सुमाराला.

सरकारी कार्यालयात एक वही असते. शासनाच्या मराठीत तिचे नाव जडवस्तू संग्रह नोंदवही. बोलताना सगळे डेडस्टॉक रजिस्टर म्हणतात. खुर्ची, पंखा, कपाट, तंबू, लाइफ जॅकेट, जनरेटर, सगळ्यांची नोंद तिच्यात. वस्तू आली की नग, किंमत, पुरवठादार, तारीख लिहायची. नंतर तिच्याकडे वळून पाहायचे ते निर्लेखनाच्या वेळी, म्हणजे भंगारात काढताना. मधल्या आयुष्याबद्दल ही वही मुकी आहे. सही करून आत घेतल्या दिवसापासून वस्तू ‘डेड’ मानायची पद्धत, शब्दशः. अनुदान देणाऱ्याला हवे ते उपयोगिता प्रमाणपत्र याच वहीवरून निघते. त्यात ‘उपयोगिता’ म्हणजे पैसे खर्ची पडले एवढाच अर्थ. वस्तू उपयोगी पडली का, हा प्रश्नच नाही.

प्राणवायू वेगळा करणाऱ्या यंत्राचे उदाहरण जरा सविस्तर घेतो, कारण त्यात जव्हार-मोखाड्याची हवा मुरलेली आहे. कॉन्सन्ट्रेटर असो की मोठा पीएसए प्रकल्प, दोन्हींच्या पोटात झिओलाइट नावाच्या खनिजाचे बारीक मणी असतात. हवा दाबाने त्यांच्यातून नेली की ते नायट्रोजन धरून ठेवतात आणि पलीकडे ९३ टक्क्यांच्या आसपास शुद्धतेचा प्राणवायू मिळतो. या मण्यांचा एक वैरी आहे, ओलावा. नायट्रोजनपेक्षा त्यांना पाणी अधिक आवडते. यंत्र चालू असते तेव्हा आत कोरडी हवा फिरत राहते. यंत्र बंद ठेवले की मणी हळूहळू दमट हवेतले पाणी पितात आणि नायट्रोजन धरायची ताकद गमावतात. म्हणजे ज्या यंत्राला आपण ‘जपून ठेवले’ असे म्हणतो ते जपल्यामुळेच मरते. आता हे यंत्र जव्हारला ठेवून पाहा. साडेचारशे मीटर उंचीचे पठार, जूनपासून सप्टेंबरपर्यंत ढग दारातून आत येतात, भिंतींना ओल, कपाटातल्या कागदांना बुरशी. चार महिने प्लॅस्टिकच्या खोळीत गुंडाळून ठेवलेला कॉन्सन्ट्रेटर बाहेरून नवाकोरा दिसेल. वही म्हणेल, एक नग, सुस्थितीत. बटण दाबले तर दिवा लागेल, घरघर होईल, नळीतून वाराही येईल. तो वारा जवळजवळ खोलीतलाच.

याला उपाय महाग नाही. ठरावीक दिवसांनी यंत्र काही वेळ चालवायचे, गाळणी धुवायची, बाहेर येणाऱ्या वायूची शुद्धता मोजायची. पण त्यासाठी वीज लागते, मोजणारे छोटे उपकरण लागते आणि ‘हे माझे काम आहे’ असे वाटणारा एक माणूस लागतो. मोठ्या पीएसए प्रकल्पाला तर कॉम्प्रेसरचे तेल, गाळण्या, हवा सुकवणारे यंत्र आणि डोळे पांढरे करणारे वीजबिल. पीएम केअर्समधून देशात असे सुमारे १,२०० प्रकल्प उभे राहिले. लाट गेल्यावर सिलिंडर स्वस्त पडतो, म्हणून प्रकल्प बंद ठेवणे हा लेखापालाच्या दृष्टीने शहाणपणाचा निर्णय ठरतो. त्याच्या वहीत पुढच्या लाटेला रकाना नाही.

हे एकट्या प्राणवायूचे दुखणे नव्हे. राष्ट्रीय आरोग्य अभियानाने २०१५ च्या सुमारास २९ राज्यांतल्या सरकारी आरोग्य संस्थांमधल्या उपकरणांची मोजणी केली. साडेसात लाखांहून अधिक उपकरणे, किंमत सुमारे ४,५६४ कोटी. त्यांतली राज्यागणिक १३ ते ३४ टक्के बंद. त्यातून देखभालीचा राष्ट्रीय कार्यक्रम निघाला आणि त्यात एक चांगली गोष्ट होती. कंत्राटदाराला पैसे दुरुस्तीचे द्यायचे नाहीत, चालू राहण्याचे द्यायचे. जिल्हा रुग्णालयात उपकरण ९५ टक्के काळ चालले पाहिजे, सामुदायिक आरोग्य केंद्रात ९० टक्के, प्राथमिक आरोग्य केंद्रात ८० टक्के.

या आकड्यांची उतरंड पाहा. संस्था जितकी लहान आणि दूर, तितकी बंद राहायची सवलत जास्त. अभियंत्याला लांब जावे लागते हे खरे. पण खोडाळ्याच्या आरोग्य केंद्रात नवजात बाळाला ऊब देणारा एकच वॉर्मर असेल आणि तो पाचातला एक दिवस बंद राहिला तरी करार पाळला गेला असे धरायचे, तर त्या दिवशी जन्मलेल्या बाळाने काय करायचे? जिल्हा रुग्णालयात एक बंद पडला तर शेजारच्या खाटेजवळ दुसरा असतो. जिथे पर्याय नाही तिथे उपकरण जास्त काळ चालू राहायला हवे, आणि इथे नेमके उलटे लिहिले आहे. रुग्णवाहिकांचेही तेच. जून २०२५ मध्ये मोखाड्याच्याच जोगलवाडीतली एक बाई बाळंतपणासाठी खोडाळा, मोखाडा आणि नाशिक असा प्रवास करत गेली. रुग्णवाहिका वेळेत मिळाली नाही अशी कुटुंबाची तक्रार होती. बाळ वाचले नाही. बापाने ते पिशवीत घालून एसटीने घरी आणले. १०८ ची सेवा राज्यात २०१४ मध्ये ९३७ गाड्यांनिशी सुरू झाली. घाटातल्या गाडीचे ब्रेक, क्लच आणि टायर सपाटीवरच्या गाडीपेक्षा लवकर झिजतात, हे कुठलाही एसटी चालक सांगेल. गाड्यांची संख्या जाहीर करताना हे झिजणे कुणी सांगत नाही.

दोन आक्षेप येतात आणि दोन्हींत दम आहे.

पहिला वित्त खात्याचा. केंद्राचे अनुदान एकदाचे असते, पाच वर्षांनी आयोग बदलतो, सूत्र बदलते. त्यातून दुरुस्ती, इंधन, मानधन असे दरवर्षीचे खर्च भागवायची सवय लागली की राज्ये स्वतःच्या अर्थसंकल्पातून तेवढे पैसे काढून घेतात आणि अनुदान आटले की सगळेच बसते. हा धोका काल्पनिक नाही. नवसंजीवनी योजना १९९५ ची, वावर-वांगणीच्या बालमृत्यूंनी राज्य हादरल्यानंतरची. तिच्यातल्या भरारी पथकांचे डॉक्टर वर्षानुवर्षे मानधनावरच राहिले. कायमचे काम तात्पुरत्या पैशांवर चालवायची आपली ही जुनी खोड आहे.

तरीही या आक्षेपाचा निष्कर्ष मला उलटा वाटतो. अनुदान तात्पुरते असेल तर त्यातून कायमचे ओझे निर्माण करणारी वस्तू घेणे हीच मोठी चूक. तीन लाखांचे यंत्र घेताना त्याच्या पुढच्या सात वर्षांचा खर्च त्याच मंजुरीत, त्याच अनुदानातून बाजूला बांधून ठेवावा आणि तेवढे जमत नसेल तर दहाऐवजी सहा यंत्रे घ्यावीत. ओडिशाने १९९९ च्या महाचक्रीवादळानंतर किनाऱ्यावर बांधलेल्या निवाऱ्यांबाबत असेच काहीसे केले. निवाऱ्याला गावाची देखभाल समिती आणि तिच्या नावाने कायम ठेव. व्याजातून जनरेटरचे तेल, रंग, दुरुस्ती. इमारत एरवी शाळेला, सभेला, लग्नाला. वर्षातून ठरलेल्या दिवशी सायरन, दोर, करवत बाहेर काढून चालवून पाहायची. ऑक्टोबर २०१३ मध्ये फायलिन चक्रीवादळ आले तेव्हा दहा लाखांच्या आसपास माणसे हलवली गेली. निवाऱ्याची किल्ली कुणाकडे आहे, हे शोधत बसायची वेळ तिथे आली नसावी. काल तिथे शाळा भरली होती.

दुसरा आक्षेप दबक्या आवाजात येतो. खरेदीत निदान वस्तू तरी दिसते. दुरुस्तीच्या बिलात काय दिसते? न बदललेली बॅटरी बदलली असे लिहिणे सोपे. हेही खरे. पण त्यामुळेच तर बिलापेक्षा चाचणीला पैसे जोडावेत. एक जूनच्या आधी मान्सूनपूर्व आढावा बैठक होते, नियंत्रण कक्ष चोवीस तास सुरू होतो, १०७७ क्रमांक जाहीर होतो. त्या बैठकीत साहित्याची यादी वाचली जाते. यादी वाचण्याऐवजी साहित्य अंगणात मांडून चालवले तर? लाकूड कापायचे मशीन दोरी ओढून सुरू होते की नाही, हे दहा माणसांसमोर कळते. त्याला लेखापरीक्षक लागत नाही. गेल्या वर्षीचे पेट्रोल टाकीत तसेच राहिले असेल तर ते सुरू होणार नाही, आणि ही गोष्ट वादळात झाड रस्त्यावर आडवे पडल्यावर कळण्यापेक्षा मेमध्ये कळलेली बरी.

देखभाल या डोंगरांत जमतच नाही, असे कुणी म्हणेल तर त्याला मी कोचाळ्याला घेऊन जाईन. मोखाडा तालुक्यातच आहे. तिथे मुंबई महापालिकेने वैतरणेवर मध्य वैतरणा धरण बांधले, २०१४ मध्ये. शंभर मीटरहून उंच, दिवसाला ४५५ दशलक्ष लिटर पाणी मुंबईला. पाऊस तोच, रस्ते तेच, अंतर तेच. तरी त्या धरणाचे दरवाजे, झडपा, वीज, पहारा, सगळे चालू असते, कारण ते एक दिवस बंद पडले तर मुंबईत बोंब होईल. त्याच तालुक्यातले पाडे उन्हाळ्यात टँकरची वाट बघतात. देखभालीची ताकद भूगोलावर ठरत नाही. बंद पडल्यावर कोण ओरडणार आहे यावर ठरते. नाशिकमध्ये २१ एप्रिल २०२१ रोजी महापालिकेच्या झाकीर हुसेन रुग्णालयात प्राणवायूच्या टाकीला गळती लागली आणि त्या दिवशी २२ रुग्ण दगावले. देश हादरला. मोखाड्याचा रुग्ण शेवटी ज्या नाशिकला पाठवला जातो त्याच शहरातली ही गोष्ट. पाड्यावरचा कॉन्सन्ट्रेटर मेलेला असेल तर एकच माणूस मरतो आणि मृत्यूच्या दाखल्यावर यंत्राचे नाव येत नाही.

वस्तूंबद्दल इतके लिहिले, पण माणूसही क्षमतेतच मोडतो आणि तोही पडून राहिला की गंजतो. ‘आपदा मित्र’ योजनेत देशातल्या ३५० जिल्ह्यांत एक लाख स्वयंसेवक तयार करायचे ठरले. बारा दिवसांचे प्रशिक्षण, एक साहित्यसंच. कल्पना उत्तम आहे. पण जव्हार-मोखाड्याची बरीचशी तरणी माणसे दिवाळीनंतर भिवंडी, वसईकडच्या वीटभट्ट्यांवर आणि बांधकामांवर जगायला जातात, शिमग्याला तोंड दाखवतात आणि आगोटीच्या तोंडावर परततात. सरकारी प्रशिक्षणे मात्र मार्चअखेर निधी संपवण्याच्या गडबडीत जानेवारी-फेब्रुवारीत लागतात. त्या वेळी पाड्यावर असतात म्हातारी माणसे आणि पोरे. पेरणीपूर्वीचे मेचे शेवटचे पंधरा दिवस, हे या भागाचे खरे सज्जतेचे दिवस. सरपण आत घेणे, छपराची दुरुस्ती, सुके बोंबील, बियाणे. माणसे स्वतःची सज्जता तेव्हा करतातच. नागलीचे बी चुलीच्या वर टांगलेले असते, रोजच्या धुराने त्याला कीड लागत नाही. स्वयंपाक होतो आणि बी राखले जाते, वेगळा खर्च नाही. आर्थिक वर्षाला हा महिना दिसत नाही, कारण एप्रिल-मेमध्ये नवे अनुदान अजून वरूनच उतरलेले नसते.

पैसा अगदीच नाही असेही नाही. पेसा कायद्याखालच्या ग्रामपंचायतींना २०१५ पासून आदिवासी उपयोजनेतला पाच टक्के निधी थेट मिळतो आणि त्याचे काय करायचे हे ग्रामसभेने ठरवायचे असते. त्यातून पाड्याच्या दिव्याची, स्ट्रेचरची, पंपाची दुरुस्ती होऊ शकते. तिथेही ओढ गटारे आणि पेव्हर ब्लॉककडे असते. जव्हार आणि मोखाड्याला शासकीय आयटीआय आहेत. इलेक्ट्रिशियन, फिटर, डिझेल मेकॅनिक शिकून पोरे बाहेर पडतात आणि बोईसरच्या कारखान्यात किंवा ठाण्यात नोकरी शोधतात. व्हेंटिलेटर त्यांच्या हाती द्या असे मी म्हणत नाही. पण जनरेटर चालवणे, बॅटरीचे पाणी बघणे, बोटीचे इंजिन धुणे, कॉन्सन्ट्रेटरची गाळणी काढून स्वच्छ करणे यासाठी ठाण्याहून माणूस यायची गरज नाही. सज्जतेच्या त्या दहा टक्क्यांतून एका तालुक्याला अशी दोन-तीन माणसे वर्षभर ठेवता आली तर एखादे नवे यंत्र कमी आले तरी चालेल. आणि जे यंत्र रोजच्या कामाला जोडता येत नाही, ते शक्यतो घेऊच नये. बचावाचा दोर रोज वापरात असेल तर तुटलेला सापडेल. कपाटातला दोर कुजलेला असला तरी वहीत शाबूतच.

पंधराव्या आयोगाची पाच वर्षे ३१ मार्च २०२६ पर्यंतची. पुढच्या पाच वर्षांचे निकष लिहिताना दिल्लीत आणि मंत्रालयात बऱ्याच सुधारणा सुचवता येतील. पालघर जिल्ह्यापुरती एक सुधारणा मात्र निकषांची वाट न पाहता येत्या मे महिन्यातच करता येईल. जडवस्तू नोंदवहीत एक रकाना आखायचा: ‘शेवटचे कधी चालवले’. त्याच्यापुढे तारीख आणि चालवणाऱ्याची सही. ती सही तहसीलदारांची नको. शिपायाची चालेल, परिचारिकेची चालेल, रुग्णवाहिकेच्या चालकाची चालेल. रकाना कोरा दिसला तर त्या ओळीतल्या वस्तूच्या नव्या खरेदीचा प्रस्ताव जिल्ह्याने त्या वर्षी परत पाठवायचा.